काटा खाली आला म्हणून फसू नका

आमच्या मोहल्ल्यातील एक भाऊ आठवडी बाजारात तयार कपड्यांचे दुकान लावतात. बसमध्ये गाठोडी चढवून कंबर मोडली, तेव्हा पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी एक जुनी मोटार घेतली. त्या कर्जाला जामीनदार म्हणून सही आमची. म्हणून ही हकिगत आम्ही नुसती ऐकलेली नाही, भोगलेली आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे माल आणायला कामठीहून नागपूरला निघालो. ऐन दुपार. भिलगावच्या पुढे इंजिनच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागला. आम्ही म्हणालो, "भाऊ, जरा थांबू या." ते म्हणाले, "बाटलीत पाणी तं सकाळीच पाहिलं ना जी. ऑटोमोटिव्ह चौकात मिस्त्री हाये, तिथंच दाखवू." थोड्या वेळाने काटा आपोआप खाली आला. दोघांनाही हायसे वाटले. पण चौक येण्याआधीच गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली.

मिस्त्रीने बोनेट उघडून सांगितले, "काटा खाली आला, तेव्हाच पाणी संपलं होतं." काट्याला माहिती देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच गेले की तो कोरडा पडतो आणि इंजिन तापलेले असतानाही कमी उष्णता दाखवू शकतो. बाटली भरलेली होती, हे खरे. पण रेडिएटरच्या झाकणाचे रबर झिजल्यामुळे बाटलीतले पाणी आत ओढले जात नव्हते.

इंजिनचे हेड वाकले होते. असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. जुन्या अॅम्बेसेडरचे इंजिन बिडाचे, वजनाने जड. १९९३ साली आलेल्या मारुती झेनचे पेट्रोल इंजिन ॲल्युमिनियमचे होते. ॲल्युमिनियम हलके असते आणि उष्णता लवकर बाहेर टाकते. म्हणूनच आज बहुतेक मोटारींचे निदान हेड तरी याच धातूचे असते. धातू वाईट नाही. पण तापल्यावर ते बिडाच्या जवळपास दुप्पट फुगते आणि सुमारे ६६० अंशांना वितळते. बीड त्यापेक्षा पुष्कळ जास्त उष्णतेला वितळते. पाणी गेल्यावर ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट जळते, पाणी ऑइलमध्ये मिसळते. ऑइल दुधाळ दिसू लागले किंवा गरम इंजिनमधूनही सायलेन्सरचा पांढरा धूर थांबेना, तर हेच समजावे.

जुन्या गाड्या आपल्यासारख्यांच्या घरी येतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताने. रंग चकचकीत असतो, पण नळ्या आणि झाकण जुनेच असते. तेव्हा पुढील गोष्टी घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवाव्यात.

काटा नेहमीच्या जागेवरून वर गेला की एसी बंद करून गाडी कडेला घ्यावी व इंजिन बंद करावे. "चौकापर्यंत नेऊ" हा विचार करू नये. गरम रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, उसळून तोंड-हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जातो.

बाटलीबरोबर रेडिएटरही पाहावा, पण सकाळी, इंजिन थंड असताना. बोअरचे पाणी घालू नये; त्यातील क्षार बारीक नळ्यांत बसतात आणि साध्या पाण्याने ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. कूलंट घालावे, पातळ करायचे तर बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने. कूलंट चवीला गोड पण विषारी असते, मुलांच्या हाती लागू देऊ नये. काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतात, तेही ऐकू नये. बिघडला असेल तर नवा बसवावा. पंखा वेळेवर फिरतो की नाही, हेही उन्हाळ्यापूर्वी पाहून घ्यावे.

आम्ही कारकून माणूस, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. झाकण आणि कूलंट शेकड्यांत येते. हेड उतरवून, मशीनवर सपाट करून परत बसवण्याचे काम हजारांत गेले. शिवाय तीन आठवडे बाजार बुडाले आणि पतसंस्थेचे दोन हप्ते थकले. पहिला हप्ता आम्ही भरला. दुसऱ्यासाठी वहिनींनी बिशीचे पैसे आणून दिले. गाडी चालवणारा एक असतो, पण तिचे नुकसान सगळे घर भरते.

आता गाडी पुन्हा बाजाराला जाते. निघण्यापूर्वी त्यांची नववीतली मुलगी रेडिएटर पाहते, आणि तिने मान हलविल्याशिवाय भाऊ किल्ली फिरवीत नाहीत. आमची जामीनदाराची काळजीही त्या मानेवरच टिकून आहे.