तीस कोटी डॉलरचा करार आणि नेतृत्वाची कसोटी : जेलेन ब्राउनचा हिशेब

एनबीएचा २०२५-२६ चा हंगाम बोस्टन सेल्टिक्स संघाने आपल्या सर्वांत मोठ्या ताऱ्याविना सुरू केला. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतील चौथ्या सामन्यात जेसन टेटमच्या पायाची अकिलीज शीर तुटली. त्यानंतर उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस, ल्यूक कॉर्नेट आणि अल हॉरफर्ड हेही संघातून बाहेर पडले. जून २०२४ मध्ये विजेतेपद पटकावणाऱ्या संघाचा सांगाडाच बदलला असून, उरलेल्या संघाची धुरा जेलेन ब्राउनच्या खांद्यावर आली. २०२३ मध्ये एनबीएच्या इतिहासातील तोवरच्या सर्वांत मोठ्या रकमेचा करार याच खेळाडूशी झाला होता. त्यामुळे तेव्हा विचारला गेलेला प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला : हा खेळाडू त्या किमतीचा आहे काय, आणि ती किंमत नेमकी कशाची आहे?

जुलै २०२३ मध्ये झालेला हा करार पाच वर्षांचा आणि ३० कोटी ४० लाख डॉलरपर्यंतचा असल्याचे जाहीर झाले. तेव्हाच्या विनिमय दराने ही रक्कम सुमारे अडीच हजार कोटी रुपये होते. प्रत्यक्षात वेतनमर्यादा अंदाजापेक्षा कमी वाढल्याने कराराचे मूल्य सुमारे २८ कोटी ५० लाख डॉलरवर स्थिरावले. त्यापूर्वीचा विक्रम डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचच्या नावावर होता. योकिच मात्र दोनदा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवलेला आणि नुकताच विजेता ठरलेला खेळाडू होता. ब्राउनच्या नावावर तोवर यांपैकी काहीच नव्हते.

टीकेला धार चढण्याचे आणखी एक कारण ताजे होते. करारापूर्वी दोनच महिने आधी, २९ मे २०२३ रोजी, मायामी हीटविरुद्धच्या पूर्व विभागीय अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात बोस्टनचा स्वतःच्याच मैदानावर ८४-१०३ असा पराभव झाला होता. ०-३ अशा पिछाडीवरून ३-३ अशी बरोबरी साधलेल्या संघाचा टेटम त्या रात्री पहिल्याच मिनिटात घोटा दुखावून बसला आणि सूत्रे ब्राउनकडे आली. त्याने २३ पैकी ८ प्रयत्न यशस्वी केले, तीन गुणांच्या ९ प्रयत्नांपैकी केवळ एक साधला आणि आठ वेळा चेंडू गमावला. डाव्या हाताने चेंडू खेळवताना त्याची उडणारी तारांबळ हा त्यानंतर कित्येक आठवडे चेष्टेचा विषय झाला.

तरीही हा करार झाला, याचे उत्तर भावनेत नसून नियमांत आहे. एनबीएमध्ये खेळाडूचे कमाल वेतन संघाच्या वेतनमर्यादेच्या टक्केवारीत ठरते. सात ते नऊ हंगाम खेळलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांची मर्यादा असते. मात्र पत्रकारांच्या मतदानातून निवडल्या जाणाऱ्या ‘ऑल-एनबीए’ संघांत स्थान मिळाल्यास आपल्याच संघाकडून ३५ टक्क्यांपर्यंत वेतन घेण्याचा, म्हणजेच ‘सुपरमॅक्स’ कराराचा, मार्ग खुला होतो. २०२२-२३ मध्ये प्रतिसामना सरासरी २६.६ गुण नोंदवणाऱ्या ब्राउनला दुसऱ्या ऑल-एनबीए संघात स्थान मिळाले आणि तो पात्र ठरला. सेल्टिक्सपुढे पर्याय दोनच होते : पूर्ण किंमत मोजणे किंवा वर्षभरात तो मुक्त होऊन जाण्याचा धोका पत्करणे. वेतनमर्यादेच्या वर असलेल्या संघाला त्याच्या जागी तोलामोलाचा खेळाडू बाजारातून विकत घेता आला नसता.

या व्यवस्थेतील खरी मेख वेगळीच आहे. कमाल वेतन म्हणजे छत आहे, मोजमाप नव्हे. योकिचसारखा खेळाडू मुक्त बाजारात याहून कितीतरी अधिक रक्कम मिळवू शकला असता. तो छताखाली स्वस्त पडतो. त्याच्या एक पायरी खाली असलेला खेळाडूही त्याच छताला टेकतो आणि म्हणून महाग वाटतो. ब्राउन या दुसऱ्या वर्गातला आहे. ‘तो जगातील पहिल्या पाच खेळाडूंत मोडतो काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जाणकार नकारार्थी देतील. मात्र संघाला हा प्रश्न विचारण्याची चैन परवडत नाही.

२०२४ च्या मे-जूनमध्ये मैदानावरचे उत्तर मिळाले. इंडियाना पेसर्सविरुद्धच्या विभागीय अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात, अखेरच्या काही सेकंदांत तीन गुणांचा फटका मारून ब्राउनने सामना जादा वेळेत नेला. बोस्टनने ती मालिका ४-० अशी जिंकली आणि ब्राउन मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. डॅलस मॅव्हरिक्सविरुद्धची अंतिम मालिका ४-१ अशी जिंकून सेल्टिक्सने अठरावे विजेतेपद मिळवले. तेथेही ११ पैकी ७ मते मिळवून ब्राउनच सर्वोत्कृष्ट ठरला. विशेष म्हणजे त्या मालिकेत बोस्टनकडून सर्वाधिक गुण, रिबाउंड आणि असिस्ट टेटमच्या नावावर होते. मतदारांनी ब्राउनची निवड केली ती प्रामुख्याने लुका डॉन्चिचला रोखण्याचे कष्टाचे काम अंगावर घेतल्याबद्दल. ज्याच्या करारावर आकड्यांच्या आधारे टीका झाली, त्याचा गौरव आकड्यांपलीकडच्या कामासाठी झाला.

मात्र विजेतेपदाने हिशेब मिटत नाही. नव्या कराराचे वेतन त्या विजयानंतर, २०२४-२५ च्या हंगामापासून सुरू झाले. पहिल्या वर्षी सुमारे ४ कोटी ९२ लाख डॉलर आणि दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या आठ टक्के वाढ, असे करत २०२८-२९ मध्ये ही रक्कम सुमारे ६ कोटी ५० लाख डॉलरवर पोहोचेल. त्या हंगामाच्या प्रारंभी ब्राउन बत्तिशीत प्रवेश करील. वेग आणि उसळी यांवर खेळ उभा असलेल्या खेळाडूसाठी हे वय निष्ठुर ठरू शकते. २०२४-२५ च्या मोसमात उजव्या गुडघ्याच्या मेनिस्कसला दुखापत झालेली असतानाही तो प्लेऑफ खेळला आणि जून २०२५ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, ही नोंद येथे महत्त्वाची आहे.

दुसरी बाजू संघाच्या खर्चाची आहे. २०२५-२६ च्या हंगामात वेतनमर्यादा सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. ब्राउन आणि टेटम या दोघांचे वेतनच त्या मर्यादेच्या जवळपास ६९ टक्के होते. २०२३ च्या सामूहिक करारानुसार ‘सेकंड एप्रन’ नावाची वरची रेषा ओलांडणाऱ्या संघावर केवळ कराचा बोजा पडत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीत अनेकांची वेतने एकत्र करण्याची मुभाही त्याला राहत नाही. हॉलिडे आणि पोर्झिंगिस यांना पाठवून देण्यामागे हेच गणित होते. थोडक्यात, दोन तारे राखण्याची किंमत त्यांच्या सहकाऱ्यांनी चुकवली. याच काळात संघाची विक्री मात्र सुमारे ६१० कोटी डॉलर मूल्यावर ठरली. २००२ मध्ये आधीच्या मालकांनी तो ३६ कोटी डॉलरला घेतला होता. खेळाडूंच्या वेतनाकडे बोट दाखवताना संघाचे मूल्य कोणामुळे वाढले, हेही विचारात घ्यावे लागते.

मोठा करार फसतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण ब्रॅडली बीलचे आहे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सने त्याला पाच वर्षांसाठी २५ कोटी १० लाख डॉलर आणि आपल्या संमतीविना बदली न होण्याचे कलमही दिले. वर्षभरात तो फिनिक्स सन्सकडे गेला. २०२४-२५ मध्ये लीगमधील सर्वांत महागडा ठरलेला तो संघ प्लेऑफदेखील गाठू शकला नाही आणि जुलै २०२५ मध्ये बीलचा करार तडजोडीने संपवण्यात आला. भारतीय वाचकांना ही चर्चा अपरिचित नाही. आयपीएलमध्ये लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी रुपये, म्हणजे १२० कोटींच्या मर्यादेतील साडेबावीस टक्के, खर्च केले. कर्णधार पंतने २०२५ च्या मोसमात २६९ धावा केल्या, त्यांतील नाबाद ११८ अखेरच्या सामन्यात. संघ सातव्या स्थानी राहिला. दोन्ही खेळांत किंमत आधी ठरते आणि नेतृत्व नंतर शोधले जाते.

ब्राउनच्या बाबतीत नेतृत्वाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०२३ मध्ये संघाचा भावनिक कणा मानल्या जाणाऱ्या मार्कस स्मार्टला मेम्फिसला पाठवण्यात आले, तेव्हाच ही जागा रिकामी झाली होती. टेटम-ब्राउन जोडीत नेता कोण, याचे उत्तर देण्याची गरज जिंकत असताना पडली नाही. मैदानाबाहेर मात्र ब्राउनने ही भूमिका लवकर स्वीकारली. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर तो बोस्टनहून अटलांटापर्यंत सुमारे पंधरा तास गाडी चालवत गेला आणि तेथील शांततापूर्ण मोर्चात अग्रभागी राहिला. करारावर स्वाक्षरी करताना त्याने बोस्टनमधील संपत्तीच्या विषमतेचा मुद्दा मांडला. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या २०१५ च्या अहवालानुसार त्या महानगर परिसरात श्वेतवर्णीय कुटुंबांची मध्यक निव्वळ मालमत्ता २,४७,५०० डॉलर, तर अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची अवघी ८ डॉलर होती. ज्या शहरात बिल रसेलने अकरा विजेतेपदे मिळवूनही वर्णद्वेष सोसला, तेथे ब्राउनची ही भूमिका केवळ प्रसिद्धीचा भाग म्हणून बाजूला सारता येत नाही.

तथापि सामाजिक भान आणि मैदानावरील नेतृत्व ही दोन वेगळी नाणी आहेत. दुसऱ्याची कसोटी चेंडू हातात असताना घेतलेल्या निर्णयांत आहे. टेटमविना खेळलेल्या निक्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात ब्राउनने २६ गुणांसोबत १२ असिस्ट दिले आणि बोस्टन १२७-१०२ असा जिंकला. त्यानंतरच्याच सामन्यात संघाचा ८१-११९ असा धुव्वा उडाला आणि आव्हान संपले. या दोन रात्रींच्या दरम्यान ब्राउनचे २०२५-२६ चे वर्ष उभे होते. प्रतिस्पर्ध्यांचा सारा बचाव त्याच्याभोवती गोळा होणार होता. अशा वेळी तो स्वतः अधिक फटके मारतो की तरुण सहकाऱ्यांना मोकळी जागा मिळवून देतो, चेंडू किती वेळा गमावतो आणि थकव्यातही बचावाचे काम सोडत नाही ना, यावर उत्तर ठरणार होते.

म्हणूनच करार आणि नेतृत्व यांचा न्याय वेगवेगळा करणे इष्ट ठरते. ब्राउनला मिळालेला पैसा नियमांनी ठरवलेला आहे आणि एका विजेतेपदाने त्याची मोठी परतफेड झाली आहे. शेवटच्या दोन वर्षांची जोखीम संघाने डोळे उघडे ठेवून घेतली होती. नेतृत्व मात्र कोणत्याही कलमात लिहिलेले नसते. ताकद घटलेल्या संघाकडून २०२५-२६ मध्ये विजेतेपदाची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरले असते, पण टेटम परतेल तेव्हा त्याच्या हाती विस्कटलेला संघ येतो की घडलेला, हे विचारणे अन्यायाचे नव्हते. त्या प्रश्नाची जबाबदारी ब्राउनवरच होती.