फाशीची मागणी आणि पहिली तक्रार

वर्धा जिल्ह्यातील विधी शाखेच्या काही विद्यार्थ्यांसमवेत बसण्याचा योग आम्हांस नुकताच आला. विद्यार्थी पंधरा-वीसच होते आणि त्यांत मुलींची संख्या अधिक होती. विषय त्यांनीच निवडला होता : 'शक्ती' विधेयकाचे पुढे काय झाले? हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विचारला जावा, हे स्वाभाविकच आहे, कारण त्या विधेयकामागे जो लोकक्षोभ होता त्याला याच जिल्ह्यातील हिंगणघाटच्या घटनेने धार आली होती.

वाचकांना ती घटना आठवत असेल. ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी हिंगणघाटच्या नांदोरी चौकात, बसमधून उतरून महाविद्यालयात शिकवावयास निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला तिच्याच गावच्या एका इसमाने पेट्रोल टाकून पेटवले. सात दिवस नागपूरच्या रुग्णालयात झुंज देऊन १० फेब्रुवारीस तिने प्राण सोडला. हिंगणघाट बंद झाले, मोर्चे निघाले आणि 'फाशी द्या' ही एकच घोषणा सर्वत्र ऐकू आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'शक्ती' विधेयक विधिमंडळात मांडले गेले. संयुक्त समितीकडे जाऊन ते डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. बलात्कार व आम्लहल्ल्याच्या अतिगंभीर प्रकरणांत मृत्युदंड आणि ३० दिवसांत तपास, ही त्यातील ठळक कलमे.

हे विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीस गेले आणि तेथेच अडले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. ज्या जुन्या संहितेत दुरुस्ती करावयाची होती, ती संहिताच उरली नाही. म्हणजे ज्या कायद्याचा एवढा गाजावाजा झाला, तो एक दिवसही अंमलात आला नाही.

दरम्यान हिंगणघाटच्या खटल्याचे काय झाले? पोलिसांनी त्याच महिन्यात दोषारोपपत्र दाखल केले. मध्यंतरी कोरोनाची टाळेबंदी आली, न्यायालये बंद राहिली. तरीही १० फेब्रुवारी २०२२ रोजी, त्या मुलीच्या दुसऱ्या स्मृतिदिनी, हिंगणघाटच्याच न्यायालयाने आरोपीस जन्मठेपेची शिक्षा सुनावली. हे सर्व जुन्या कायद्याखाली झाले. तपास नीट झाला, साक्षीदार टिकले आणि सरकारी पक्षाने खटला मनापासून चालवला, म्हणून ते होऊ शकले. फाशी न झाल्याने अनेकजण नाराज झाले. त्या कुटुंबाच्या दुःखापुढे कोणी कायद्याचे प्रवचन झोडू नये, असे आम्हांस वाटते. तथापि कायदा शिकणाऱ्यांनी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे.

विद्यार्थ्यांत दोन तट होते. एक तरुण आवेशाने म्हणाला की दहशत बसल्याशिवाय असले गुन्हे थांबणार नाहीत. दुसऱ्याने 'विरळातील विरळ' हे १९८० च्या बचन सिंग खटल्यातील तत्त्व मांडले. विदर्भाचा अनुभव काय सांगतो, असे आम्ही विचारले. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीच्या २००६ सालच्या हत्याकांडात सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती बदलून २५ वर्षांचा कारावास दिला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती फाशी राहिली की गेली याची. दलित कुटुंबाच्या त्या हत्येत अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली दोन्ही न्यायालयांत दोषसिद्धी झाली नाही, हा मूळ प्रश्न त्या गलबल्यात मागे पडला. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणातील तिघांची फाशीदेखील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जन्मठेपेत बदलली. 'शक्ती' विधेयक संमत झाले ते याच्या पुढच्याच महिन्यात.

ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथातील २२६७ वा परिच्छेद बदलून मृत्युदंड अस्वीकारार्ह असल्याचे स्पष्ट केले. आम्ही ते विद्यार्थ्यांना सांगितले, परंतु आमचा युक्तिवाद त्यावर उभा केला नाही. त्यांतील बहुतेक विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते, आणि आमच्या धर्मग्रामांतही या प्रश्नावर सर्वांचे एकमत आहे असे मानण्याचे कारण नाही. हिंगणघाटच्या मोर्च्यांच्या दिवसांत आमच्याच काही बंधुभगिनींनी फाशीची मागणी आमच्यापाशी बोलून दाखवली होती.

चर्चेला खरे वळण दिले ते शेवटच्या रांगेत बसलेल्या एका मुलीने. ती रोज गावाहून एसटीने ये-जा करते. ती म्हणाली, "फादर, फाशीचं नंतर पाहू. पहिल्या दिवशी ठाण्यात माझ्यासोबत कोण येईल?"

सभागृह क्षणभर शांत झाले. मग तिने कायद्याचे पुस्तक उघडले. स्त्रीचा पाठलाग करणे हा गुन्हा २०१३ साली, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, कलम ३५४-ड म्हणून आला. आता तो न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. आणखी एक गोष्ट तिने दाखवली, जी आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. बलात्कार, आम्लहल्ला, विनयभंग इत्यादींची खबर नोंदवण्यास जो पोलीस अधिकारी नकार देतो, त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद कलम १९९ मध्ये आहे. त्या कलमात गुन्ह्यांची यादी दिली आहे, आणि त्या यादीत कलम ७८ नाही. अर्थात मुलगी जळाल्यावर तिची तक्रार न घेणारा अधिकारी तुरुंगात जाऊ शकतो, पण कोणी आपला पाठलाग करीत आहे हे सांगावयास ती आदल्या महिन्यात आली असता तिला परत पाठवणाऱ्यास या कलमाची भीती नाही. जुन्या संहितेतील कलम १६६-अ मध्येही हीच उणीव होती. नवी संहिता लिहिताना ती भरून काढणे सहज शक्य होते.

विद्यार्थ्यांच्या चर्चेने काय होणार, असे आमच्यातील काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्यांच्यासाठी विदर्भातीलच एक जुनी घटना सांगतो. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिचे नाव खटल्याच्या निमित्ताने कायद्याच्या पुस्तकांत छापले गेले आहे, आम्ही ते येथे लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, सबब तिची संमती होती, असा तो तर्क. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. न्यायालयाने निकाल बदलला नाही. परंतु ते पत्र देशभर फिरले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेची ओळख छापण्यास बंदी आली ती याच दुरुस्तीने. वर्मा समितीच्या कामातही तरुण वकिलांबरोबर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हातभार लावला होता. त्या समितीने बलात्कारासाठी मृत्युदंडाची शिफारस केली नव्हती, हेही जाता जाता नमूद करावयास हवे.

आमचे मत आम्ही लपवीत नाही. 'शक्ती'च्या निमित्ताने राज्याने जी ताकद शिक्षा वाढवण्यावर खर्च केली, ती ठाण्यातील पहिल्या तासावर खर्च व्हावयास हवी होती. त्या विधेयकात खोट्या तक्रारीसाठी शिक्षेचे कलम घालण्यात आले होते. महिला संघटनांनी त्यास विरोध केला, तो रास्तच होता. जी मुलगी आधीच घरच्यांना सांगावयास धजत नाही, तिला ठाण्याच्या दारातच 'खोटे ठरलीस तर तुलाच शिक्षा' असे सांगण्यासारखे ते होते.

आणि घरच्यांचे काय? याविषयी आपणही आत्मपरीक्षण करावे. मुलीचा पाठलाग होतो हे कळल्यावर तिचे महाविद्यालय बंद करणारे, घाईने तिचे लग्न उरकणारे पालक आमच्या माहितीत आहेत. काही वेळा सल्ला आम्हां धर्मगुरूंकडे मागितला जातो, आणि 'प्रकरण वाढवू नका' असे आम्हीही सांगितलेले आहे. आज ते आठवले की संकोच वाटतो.

कायद्याने काही साधने दिली आहेत. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. स्त्रीला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे हे १२ वे कलम आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. हे किती जणींना ठाऊक आहे, असे आम्ही त्या बैठकीत विचारले. कायद्याच्या विद्यार्थ्यांतही सर्व हात वर झाले नाहीत.

निघताना त्याच मुलीने विचारले, रविवारी मिस्सानंतर सभागृहात एक टेबल मिळेल का? मिळेल, असे आम्ही सांगितले आहे. विद्यार्थी अद्याप वकील नाहीत, म्हणून ते सल्ला देणार नाहीत. दिनांक, वेळ, ठिकाण, कोणी पाहिले, हे सारे मांडून सरळ मराठीत अर्ज लिहून देतील आणि विधी सेवा समितीकडे, गरज पडल्यास ठाण्यापर्यंत, सोबत जातील. कोणत्याही धर्माच्या भगिनीने यावे. पहिल्या काही रविवारी कोणी आले नाही तरी टेबल उचलावयाचे नाही, असे ठरले आहे.