एक पियानो, दोन बिऱ्हाडं
सत्तरच्या दशकात जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटनं दोन चौकड्या एकाच वेळी सांभाळल्या. अमेरिकी चौकडीत ड्यूई रेडमनचा खरखरीत सॅक्सोफोन आणि चार्ली हेडनचा बास; दोघंही फ्री जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनच्या तालमीतले. त्यामुळे वाद्यांची भांडणं, गोंगाट, मधूनच गॉस्पेलचा उमाळा. दुसरी चौकडी युरोपी: १९७४मध्ये ऑस्लोत मुद्रित झालेल्या तिच्या ‘बिलाँगिंग’ या अल्बममध्ये साथीला नॉर्वे-स्वीडनचे वादक. यान गार्बारेकच्या सॅक्सोफोनचा सूर तिथं थंड, धारदार, लांबवर जाणारा. (हाच गार्बारेक पुढे झाकिर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ‘मेकिंग म्युझिक’मध्ये होता.) युरोपी चौकडी कानाला लगेच गोड लागते, हे कबूल. पण ‘द सर्व्हायव्हर्स सूट’मधली अमेरिकी धुसफूसच मला जास्त जिवंत वाटते, जॅरेटला तोडीस तोड उत्तर तिथंच मिळालं.