रक्ताच्या तराजूवर शिक्का कोणाचा?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रक्ततपासणीवर लेख लिहिलेला पाहून आमचे काही प्राध्यापक भुवया उंचावतील आणि विज्ञान शाखेचे मित्र तर हसतीलच. त्यांनी खुशाल हसावे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले, ते डॉक्टरपेक्षा हिशेबाच्या विद्यार्थ्यालाच अधिक बोचावे असे होते. म्हणून हा प्रपंच.

माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. कॉलेज सुटल्यावर मी तेथे वह्या लिहितो. ऑगस्टमध्ये मामांना ताप आला. तीन दिवस उतरेना, म्हणून जवळच्या एका लॅबमध्ये रक्त दिले. संध्याकाळी कागद हाती आला : प्लेटलेट ३४,०००. निरोगी माणसात हा आकडा साधारण दीड लाखाच्या वर असतो. दिवस डेंग्यूचे. मामी देवापुढे जाऊन बसल्या. आईने भिशीतून वीस हजार उचलले. मिरजेला न्यायचे ठरले, गाडी सांगितली, माझे दोन मित्र रक्त द्यायला तयार होऊन आले. निघण्यापूर्वी खात्री करावी म्हणून बेळगावातच एका इस्पितळात पुन्हा तपासणी केली. तेथल्या मोठ्या यंत्राने आकडा दिला : ३६,०००.

दोन लॅब, दोन यंत्रे, आणि आकडा जवळजवळ तोच. मी म्हणालो, "आता शंका नको." मामी म्हणाल्या, "मशीन काय खोटं बोलतंय व्हय?"

रात्रपाळीला असलेले तंत्रज्ञ पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला, मग मामांकडे पाहिले. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, मामा बाकावर बसून शेजाऱ्याशी साखरेच्या भावावर बोलत होते. गृहस्थांनी यंत्राच्या कागदावर आकड्याशेजारी छापलेल्या एका बारीक खुणेवर बोट ठेवले आणि मला म्हणाले, "तम्मा, इन्नोम्मे नोडोण." पुन्हा एकदा पाहू. त्यांनी काचपट्टीवर थेंब पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मलाही पाहायला लावले. सुटे विखुरलेले दिसायला हवेत असे जांभळे कण तेथे पुंजक्या-पुंजक्यांनी चिकटून बसले होते. मग त्यांनी फिकट निळ्या टोपणाच्या नळीत ताजे रक्त घेतले आणि लगेच यंत्राला लावले. आकडा आला १,७५,०००. त्या नळीत सायट्रेटचे पाणी आधीच असते, त्यामुळे रक्त थोडे पातळ होते. म्हणून दहा टक्के मिळवायचे. म्हणजे १,९२,५००.

मामा त्या रात्री घरीच झोपले. डेंग्यूची तपासणीही निर्दोष निघाली आणि दोन दिवसांत ताप उतरला.

झाले होते ते असे. रक्त गोठू नये म्हणून नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. थोड्या माणसांच्या रक्तात या रसायनामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात नव्हे, फक्त नळीत. आता यंत्र कसे मोजते? वॉलेस कोल्टर या अमेरिकन संशोधकाला १९५३ मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तीच पद्धत आजही असंख्य यंत्रांच्या मुळाशी आहे. एका बारीक भोकातून पेशी एकेक जाते, वीजप्रवाहाला धक्का बसतो. धक्का केवढा त्यावरून पेशी केवढी हे कळते, आणि धक्के किती यावरून संख्या. वीस प्लेटलेटचा पुंजका गेला तर यंत्राला वीस धक्के बसत नाहीत. एकच मोठा धक्का बसतो, आणि तो कधी पांढऱ्या पेशींच्या खात्यावरही जमा होतो. यंत्र खोटे बोलले नाही. भोकातून जे गेले ते त्याने इमानाने मोजले.

वाणिज्याच्या मित्रांना येथे काही आठवले का? पहिल्याच वर्षी आपल्याला शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे समजू नये. मूळ पावतीच चुकीच्या रकमेची असेल, तर नावे आणि जमा दोन्हीकडे तीच चूक बसते आणि तेरीज झकास जुळते. मामांच्या रक्ताची तेरीज दोन यंत्रांत जुळली होती. चूक मूळ पावतीत, म्हणजे नळीत होती. पुन्हा पुन्हा तेच उत्तर येणे ही एक गोष्ट आणि उत्तर खरे असणे ही दुसरी. परीक्षेत आपण हे लिहितो, गुण मिळवतो, आणि छापील आकडा समोर आला की विसरतो. मी तर नक्कीच विसरलो.

कोणी असे समजू नये की मी यंत्राविरुद्ध बोलतो आहे. पूर्वी पांढऱ्या पेशी रेघांच्या काचेवर डोळ्यांनी मोजत. संख्याशास्त्राचा साधा नियम असा की शंभर पेशी मोजल्या तर नुसत्या योगायोगाने सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. दहा हजार मोजल्या तर तो एका टक्क्यावर येतो. यंत्र हजारो पेशी मिनिटाभरात मोजते, थकत नाही, रात्री दोनला पेंगत नाही. प्रश्न यंत्राचा नाही. प्रश्न असा आहे की यंत्राला तपासणारा कोण?

मामांच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वजनमापे खात्याकडून तपासून घ्यावा लागतो. शिक्का नसेल तर दंड. पावशेर शेंगदाण्यासाठी एवढा कायदा. मग ज्या आकड्यावर माणसाच्या शरीरात दुसऱ्याचे रक्त घालायचे की नाही हे ठरते, त्या आकड्यावर शिक्का कोणाचा?

हा प्रश्न नवा नाही. १९४७ मध्ये बेल्क आणि संडरमन या दोन डॉक्टरांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील अनेक इस्पितळांच्या लॅबना सारखेच नमुने पाठवले. उत्तरे इतकी भिन्न आली की पुष्कळशी स्वीकारण्याजोगी नव्हती. नमुना एक, उत्तरे अनेक! १९५० मध्ये लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी कारखान्यांत वापरले जाणारे नियंत्रण-तक्ते लॅबमध्ये आणले. हे तेच तक्ते, जे आपण संख्याशास्त्रात काढतो : मधली रेघ सरासरीची, वर-खाली प्रमाण विचलनाच्या रेघा. उत्तर आधीच माहीत असलेला नमुना रोज यंत्राला द्यायचा आणि येणारा बिंदू रेघांच्या आत पडतो का ते पाहायचे. बाहेर पडला तर आधी यंत्र दुरुस्त, मग रोगी. याला घरचे अंकेक्षण म्हणा.

बाहेरचे अंकेक्षणही आपल्या देशात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून जीवरसायनाच्या तपासण्यांसाठी आणि दिल्लीच्या एम्समधून रक्तपेशींच्या तपासण्यांसाठी देशभरातल्या लॅबना नमुने पाठवले जातात. लॅबने उत्तर कळवायचे, आणि इतरांच्या तुलनेत आपण कोठे आहोत ते समजून घ्यायचे. त्यापुढे एनएबीएल ही संस्था आय.एस.ओ. १५१८९ या मानकानुसार लॅबला मान्यता देते. व्यवस्था चांगली आहे. पण ही मान्यता घेणे मुख्यतः ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. शेंगदाण्याला सक्ती आणि रक्ताला मर्जी, हा हिशेब मला पटत नाही.

यात आपल्या सीमाभागाचे एक वेगळे दुखणे आहे. आपली माणसे उपचारासाठी मिरजेला जातात, कोल्हापूरला जातात, गोव्यात बांबोळीला जातात, हुबळीला जातात. पिशवीत येथले रिपोर्ट असतात. तेथे पुष्कळदा पहिले वाक्य ऐकू येते, "आमच्याकडे पुन्हा करून घ्या." काही वेळा ते रास्तच असते, रक्तातले आकडे काही तासांतही बदलतात. पण पुष्कळदा कारण एवढेच, की तुमच्या लॅबचे माप आमच्या मापाशी जुळते की नाही हे आम्हांला ठाऊक नाही. हे जुळवता येते. मधुमेहाच्या एचबीए१सी तपासणीचे आकडे एकेकाळी लॅबगणिक बदलत. १९९३ मध्ये अमेरिकेतला मधुमेहाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १९९६ पासून तेथे सर्व पद्धती त्या अभ्यासाच्या मापाशी जुळवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आज एका गावचा आकडा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला वाचता येतो, त्याच्यामागे हे कष्ट आहेत. रोजमजुरी बुडवून मिरजेला गेलेल्या माणसाला तीच तपासणी दुसऱ्यांदा पैसे देऊन करावी लागू नये, एवढे तरी साधायला हवे.

कोणी म्हणेल, लहान लॅबना हे परवडणार नाही. मोठ्या मान्यतेचा खर्च सर्वांना झेपणार नाही, हे मला कबूल आहे. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, यंत्राने शंकेची खूण छापली असेल तर ती रिपोर्टवर जशीच्या तशी उतरवावी. पहिल्या लॅबने आकडे स्वतःच्या कागदावर टंकून दिले होते. तेथेही खूण उमटली होती का, हे कळायला आम्हांला मार्गच नव्हता. खतावणीत रक्कम उतरवायची आणि पावतीवरचा शेरा गाळायचा, असे मामांच्या दुकानात मी केले तर ते मला कामावर ठेवणार नाहीत. दोन, प्लेटलेटचा आकडा अनपेक्षितपणे खाली आला तर काचपट्टी पाहिल्यावाचून कागद हातात देऊ नये. काचपट्टी, रंग आणि सूक्ष्मदर्शक लॅबमध्ये असतातच. लागतात ती आणखी काही मिनिटे. तीन, लॅब बाहेरच्या अंकेक्षणात भाग घेते की नाही, हे रिपोर्टच्या तळाशी एका ओळीत छापावे.

पहिली आणि दुसरी मागणी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत, आणि तिसरी त्या दोघींवाचून. रोजचा नियंत्रण-तक्ता कितीही नीटनेटका असता तरी मामांच्या नळीतले पुंजके त्यात दिसले नसते. वेल्लोरहून आलेल्या नमुन्यातही नसते. ते दिसले एका माणसाला, कारण त्याने आकडा आणि समोरचा रोगी यांची तेरीज मांडली आणि ती जुळली नाही. प्रमाणीकरण म्हणजे केवळ यंत्राला शिक्का नव्हे. नळीपासून कागदापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी जबाबदार असणे, हे प्रमाणीकरण.

आणि आपले काय? आपण लॅब निवडतो ती दर पाहून आणि कागद किती लवकर मिळतो ते पाहून. ज्या लॅबवाल्याने "काचपट्टी पाहतो, उद्या या" म्हटले, त्याच्याकडे आपण पुन्हा जात नाही. घाईची किंमत गिऱ्हाईक म्हणून आपणच ठरवली आहे. तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कोणाचा रिपोर्ट आणायला जाल, तेव्हा काउंटरवर एवढे विचारा : आकड्यापुढे काही खूण होती का? विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. मराठीत विचारा नाही तर कन्नडात. दोन्ही भाषा आपल्याला येतात.

मामांनी भिशीचे वीस हजार दुसऱ्याच दिवशी परत केले. आता दुकानात कोणी सुटे पैसे देऊन "बरोबर आहेत" म्हणाला, तरी मामा ते पुन्हा मोजतात आणि हसून मला म्हणतात, "इन्नोम्मे नोडोण."