बजाजांचे मैदान आणि आपले वावर

बजाजची स्कूटर नोंदवली की ती दारात यायला दहा-दहा वर्षे लागत, हे आजच्या पोरांना सांगितले तर खोटे वाटते. मुलगी शाळेत असतानाच तिच्या लग्नासाठी नंबर लावून ठेवणारे बाप आपण पाहिले आहेत. स्कूटर कमी पडत होत्या त्या कारखान्याला बनवता येत नव्हत्या म्हणून नव्हे. किती बनवायच्या तो आकडा सरकारने परवान्यावर लिहून दिला होता आणि त्याच्या फार पुढे जाणे हा कायद्याने गुन्हा होता. कामगाराने माल कमी काढला तर मालक जाब विचारतो, हे समजू शकते. इथे माल जास्त काढला म्हणून सरकार मालकाला जाब विचारत होते.

त्या मालकाचे नाव राहुल बजाज. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यात ते वारले. हार्वर्डची पदवी घेऊन परत आले, १९६५ मध्ये बजाज ऑटोत शिरले आणि १९६८ पासून कारखान्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. बंगला मुंबईत आणि कारखाना पुण्याजवळ, असा प्रकार त्यांनी केला नाही. आकुर्डीला कारखान्याच्या आवारातच बिऱ्हाड केले. परवान्यापेक्षा जास्त स्कूटर काढल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी जाईन, माझे आजोबाही तुरुंगात गेले होते, असे ते सांगत. आजोबा म्हणजे वर्ध्याचे जमनालाल बजाज. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना शिक्षा झाली होती.

जिल्हा मेळाव्याच्या अंकात एका कारखानदाराचे पुराण कशाला, असे काहींना वाटेल. कारण असे की या घराण्याची मुळे आपल्याच पऱ्हाटीत आहेत. वर्ध्याचे बच्छराज बजाज हे कापसाचे व्यापारी. जमनालाल त्यांच्या घरी दत्तक आले. विदर्भाच्या कापसावर ही पेढी वाढली. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. नेता कसा असावा, पोरांनी काय करावे, सरकारने बाजारात किती ढवळाढवळ करावी, या प्रश्नांवर राहुल बजाज आयुष्यभर मोठ्या आवाजात बोलले. त्यांचे काही बोलणे जणू आपल्याच सभेतले वाटावे असे आहे आणि काही बोलणे आपल्यालाच अडचणीत टाकणारे आहे.

आधी पटणारे घेऊ. जास्त पिकवणे हा गुन्हा कसा, हा त्यांचा प्रश्न. कारखानदाराला पिकवण्याची मनाई होती, आपल्याला विकण्याची. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार आला आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे आपला कापूस आपल्याला हव्या त्या गिऱ्हाइकाला विकता येत नव्हता. वावर आपले, बियाणे आपले, वेचणीची मजुरी आपण द्यायची, आणि बैलगाडी राज्याच्या सीमेकडे वळली की आपण तस्कर. ज्वारीची लेव्ही ज्यांनी घातली आहे त्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळे सांगायला नको. परवाना राजाच्या नावाने उद्योगपती ओरडले तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. तसलेच राज्य आपल्या खळ्यापर्यंत आले होते, त्यावर किती शाई खर्च झाली ते आपण जाणतो.

१९९१ नंतर कारखान्यांचे बहुतेक परवाने गेले. आपले पुरते गेलेले नाहीत. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या बियाण्याला परवानगी नाही म्हणून जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरच्या शिवारात शेतकऱ्यांनी ते उघडपणे लावले आणि गुन्हे अंगावर घेतले. आमच्यातला कृषी पदवीधर इथे एक खुलासा करू इच्छितो. हे बियाणे गुलाबी बोंडअळी थांबवत नाही, ते फक्त निंदणाची मजुरी वाचवते. चोरट्या पाकिटात जे मिळते त्याची उगवण आणि शुद्धता याची हमी कुणीच देत नाही. पण फसवणूक होते ती चोरटेपणामुळे, आणि चोरटेपणा आला तो बंदीमुळे.

आता अडचणीचे. १९९३ साली मुंबईच्या एका हॉटेलात देशातले बडे कारखानदार जमले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बॉम्बे क्लब’ असे नाव दिले. राहुल बजाज त्यांचे सर्वात बोलके सदस्य. जमशेद गोदरेज, हरिशंकर सिंघानिया, ललितमोहन थापर अशी मंडळी बरोबर होती. म्हणणे असे की, आमचा खुलेपणाला विरोध नाही, पण परदेशी कंपन्यांना कमी व्याजाने भांडवल मिळते, आमच्या डोक्यावर जास्त व्याज, जास्त कर आणि चाळीस वर्षांची बंधने आहेत. तेव्हा शर्यत लावण्याआधी मैदान सपाट करा. लोकांनी खिल्ली उडवली. काल परवाने नकोत म्हणणारे आज कुंपण मागतात, असे म्हटले गेले.

आम्हालाही तेव्हाचे लेख वाचताना हसू येत असे. ऑगस्ट २०२५ पासून मात्र येत नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर सगळे मिळून ११ टक्के शुल्क लागले. २०२२ साली एप्रिलपासून काही महिने ते उठवले. मग १८ ऑगस्ट २०२५ ला आदेश निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून शुल्क शून्य. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, दहा दिवसांत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर बसवला, कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून त्याला कापूस स्वस्त मिळाला पाहिजे, हे कारण. उद्योगाची अडचण खोटी नव्हती. तिचा भार कोणाच्या खांद्यावर ठेवला एवढेच पाहायचे. १९ ऑगस्टला आपली पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. बियाणे, डवरणी, खत, फवारणी, सगळा पैसा मातीत गेलेला. त्या तारखेला कोरडवाहू शेतकरी पीक बदलू शकत नाही, वावर गुंडाळून ठेवू शकत नाही. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झालेला होता. दिवाळीच्या सुमारास खेडा खरेदीत काय भाव मिळाला ते प्रत्येकाला आपापले ठाऊक आहे. सरकारी केंद्रावर विकायचे तर आधी मोबाइलवर ‘कपास किसान’मध्ये नोंदणी करा आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत न्या.

कारखानदारांच्या बाबतीत असे झाले नव्हते. १९९१ नंतर त्यांच्यावरचे आयात शुल्काचे छत्र दरवर्षी थोडे थोडे काढले गेले. यंत्रे बदलायला, नवी गाडी काढायला त्यांना अवधी मिळाला. बजाजांनी तो वापरलाही. लोक स्कूटर सोडून मोटारसायकलकडे वळले, हीरो होंडा पुढे गेली, तेव्हा २००१ साली बजाजांची पल्सर आली. आज त्यांच्या गाड्यांचा मोठा हिस्सा परदेशात जातो. ज्या स्पर्धेला ते भीत होते तिनेच त्यांना शहाणे केले, हे मान्य करावे लागेल. पण त्या शहाणपणाला दहा वर्षे मिळाली होती. कापसाला एक रात्र मिळाली.

आमची अडचण अशी की, आम्ही खुल्या बाजाराचे. ११ टक्के शुल्क परत लावा असे म्हणताना जीभ अडखळते, कारण ते म्हणणे म्हणजे बॉम्बे क्लबच्या रांगेत जाऊन बसणे. काही सहकारी म्हणतात, बसावे, लाज कसली. काही म्हणतात, एकदा कुंपण मागितले की उद्या निर्यातबंदीला तोंड उघडता येणार नाही. दोघांचेही खोटे नाही. १९ एप्रिल २०१० ला कापसाची निर्यात रोखली तेव्हा आणि ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंद केली तेव्हा बाहेर भाव होता आणि आपल्याला जाऊ दिले नाही. बाहेर भाव पडला की बाहेरचा माल आत येऊ द्यायचा. दार असे आहे की ते फक्त गिरणीच्या सोयीने उघडते.

शिवाय बाहेरचा भाव तरी कुठे खरा आहे? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला इतके अनुदान देत होती की ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तिच्यावर दावा लावला. २००५ साली अपिलातही ब्राझील जिंकला. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने मिटवले. तेव्हा मैदान सपाट करा हे म्हणणे आळशी माणसाचे रडगाणे असतेच असे नाही. ज्वारीवाल्यांनी इथे थोडे थांबावे. ज्वारीला परदेशाचा धाक नाही, तिचे मैदान रेशनच्या दुकानात तिरपे झाले. गहू-तांदूळ सरकार खरेदी करून जवळजवळ फुकट वाटते, आणि मग २०२३ साली भरडधान्य वर्ष साजरे करून ज्वारी खा म्हणते. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा ३,६९९ रुपये हमीभाव कागदावर होता. कडब्यासाठी म्हणून ती वावरात टिकून आहे, धान्यासाठी कमी.

पोरांच्या करिअरविषयी दोन शब्द. बजाजांचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पंचक्रोशीतली किती घरे त्या वसाहतीने तारली. आज अनेकांच्या वाट्याला कंत्राटी काम येते, तरी पोरगा वावरापेक्षा तिकडेच बघतो. त्याला दोष देणारे आम्ही कोण? आम्ही स्वतः २००२ च्या पुढेमागे, बी.टी. कापसाला परवानगी मिळाली त्या सुमारास पदवी घेतली आणि पहिली नोकरी औषध कंपनीत धरली. एका शिवारात ढालकिडे आणि क्रायसोपा भरपूर दिसले, म्हणून फवारणीची गरज नाही असे आम्ही शेतकऱ्याला सांगितले. महिन्याच्या बैठकीत साहेबांनी उभे करून विचारले, किती लिटर गेले? मावा गेला की नाही हे त्या बैठकीत कधीच कुणी विचारले नाही. पुढच्या वर्षी आम्ही बाहेर पडलो. बाहेर पडायला घरची दहा एकर जमीन होती म्हणून जमले, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्याकडे दोनच एकर आहे त्याला धैर्याचे धडे देऊ नयेत.

बजाजांनाही हे लागू आहे. ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईच्या समारंभात अमित शहांच्या तोंडावर ते म्हणाले की, तुमच्यावर टीका केली तर ती तुम्ही चांगल्या मनाने घ्याल असा आम्हाला विश्वास वाटत नाही. घाबरण्याचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. सभागृहात उद्योगपती पुष्कळ होते, उठून बोलले हे एकटे. एक्याऐंशी वर्षांचे वय आणि पाठीशी अशी पेढी असताना बोलणे सोपे, असे कोणी म्हणेल. मग बाकीच्यांच्या पेढ्या काय लहान होत्या? स्कूटर बनवणे थांबवायचे मुलाने २००९ साली ठरवले तेव्हा वाईट वाटले हे त्यांनी जाहीर सांगितले, पण निर्णय मुलाचाच राहू दिला. आपल्या संघटनांमध्ये हे दोन्ही कमी आहे. मंत्र्यापुढे आपण गप्प बसतो आणि तालुक्याच्या तरुण कार्यकर्त्याला मात्र बोलू देत नाही.

मेळाव्यापुढे आम्ही ठेवतो ती मागणी शुल्काची नाही, तारखेची आहे. आयात, निर्यात आणि साठा यांविषयी सरकारला जो निर्णय घ्यायचा असेल तो त्याने ३१ मेच्या आत जाहीर करावा आणि शेवटची वेचणी होईपर्यंत त्याला हात लावू नये. शुल्क शून्य ठेवायचे असेल तर शून्य ठेवा, आम्ही तूर लावू, सोयाबीन लावू, पण पेरणीच्या आधी सांगा. आणि दार उघडायचे तर बियाण्याचेही उघडा, निर्यातीचेही. यावर मतभेद होतील आणि ते व्हावेत. शुल्क हवेच म्हणणाऱ्यांना दुपारच्या सत्रात आधी बोलू दिले जाईल.

ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात ज्यांनी कापूस विकला त्यांनी आपल्या काटापट्ट्या बरोबर आणाव्यात. खेडा खरेदीत विकला आणि पट्टी मिळाली नाही, अशांनी तारीख, वजन आणि भाव वहीत लिहून आणला तरी चालेल. मांडवाच्या उजव्या हाताला टेबल आहे, तिथे गाववार नोंद करून घेतली जाईल.