तिसरा डोस बुडवू नका



आमच्या घरी एका डोसावरून भांडण झाले. आमची छकुली साडेतीन महिन्यांची झाली. आशाताई म्हणाल्या, "परवा अंगणवाडीत लसीकरण आहे, रोटाचा तिसरा डोस आहे." आईला तर कापूस वेचायला जायचे होते. आजी म्हणाली, "रविवारी पोलिओ पाजला की! अन् जुलाबाचा डोस दोनदा दिला, तरी लेकराला जुलाब झालेच ना? मग कशाला?"

मला आजीचे खरे वाटले. म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी सांगितले, पोलिओचा डोस वेगळा आणि रोटाचा वेगळा. जुलाब पुष्कळ जंतूंमुळे होतात. रोटाचा डोस फक्त रोटा विषाणूला अडवतो. पण तो विषाणू फार वाईट आहे. जुलाब आणि उलट्या होऊन बाळाच्या अंगातले पाणीच संपते. त्याला मारणारे औषध नाही. आईचे दूध, ओआरएस आणि झिंक देऊन बाळाला सांभाळावे लागते.

हा विषाणू 1973 साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप बाईंनी व त्यांच्या सोबत्यांनी शोधला. तो चाकासारखा दिसतो. लॅटिन भाषेत रोटा म्हणजे चाक. आपली लेणी बघायला ज्या देशांतून पाहुणे येतात, तिथे पाणी स्वच्छ असते. तरी लस येण्याआधी तिथल्या बाळांनाही तो होत असे. म्हणजे हात तर धुवायचेच, पण डोसही पाहिजे.

भारतात हा सरकारी डोस 2016 साली चार राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात 2019 साली आला. मी बाळ होतो तेव्हा तो नव्हताच. मग आजीला कसा माहीत असणार? तिची काही चूक नाही.

तो 6, 10 आणि 14 आठवड्यांना देतात. दोन देऊन तिसरा बुडवणे म्हणजे विहिरीला तीन बाजूंनीच कठडा बांधणे.

काही घरी मजुरी बुडते म्हणून डोस राहतो. पण बाळाला आईनेच न्यावे असे कुठे लिहिले आहे? वडिलांनी न्यावे, काकांनी न्यावे, असे माझे मत आहे.

मी घरी हे सगळे सांगितले. आजी काहीच बोलली नाही. पण त्या दिवशी आई कापसाला गेली आणि छकुलीला घेऊन आजीच अंगणवाडीत गेली. येताना म्हणाली, "कार्ड नीट ठेव रे, पुढची तारीख लिहिली त्यात."

— इयत्ता 4 थीचा एक विद्यार्थी, वेरूळ