दहा बाय दहा कुणाला हवंय?

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या फाटकांवर हल्ली दोन जाहिराती शेजारी शेजारी चिकटलेल्या दिसतात. एक भाड्याच्या जागेची, दुसरी 'तुमचं सामान आमच्याकडे निर्धास्त ठेवा' अशी. पहिलीवर या सदरात पुरेशी आगपाखड करून झाली आहे, तेव्हा या आठवड्यात दुसरीची पाळी. अशा जाहिरातींत बहुधा एक तक्ता असतो: वन आरके असेल तर पाच बाय दहा फुटांचं युनिट, वन बीएचके असेल तर दहा बाय दहा, टू बीएचके असेल तर त्याहून मोठं. म्हणजे तुमच्या घरात काय आहे हे कुणी विचारत नाही, खोल्या किती तेवढंच विचारतात. चौरस फूट या मापाशी माझं जुनं वैर आहे, हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. पण कार्पेट, बिल्टअप आणि सुपर बिल्टअप या त्रिकुटाने निदान घर विकत घेताना आपल्याला फसवलं होतं. आता तेच माप घर रिकामं करतानाही पाठ सोडत नाही. लहान घरासाठी स्टोरेजची जागा घ्यायची असेल, तर तक्त्यातल्या आकाराहून एक, कधी कधी दोन पायऱ्या खाली उतरावं, असं माझं म्हणणं आहे. ते अंदाजाने नाही, हिशेबाने सिद्ध करता येतं.

आधी तक्त्याची कुळकथा थोडक्यात. हा धंदा १९६०च्या दशकात अमेरिकेत, टेक्सासच्या बाजूला, आकाराला आला. तिथली युनिटं पाच बाय पाच, पाच बाय दहा, दहा बाय दहा अशा ठरीव मापांची, आणि उंची साधारण आठ फूट. तिथलं एका बेडरूमचं अपार्टमेंट सातशे चौरस फुटांच्या आसपास भरतं. आपल्याकडे पार्ल्यात, मुलुंडला किंवा डोंबिवलीत ज्या इमारती पाडायला काढल्या आहेत, त्यांतलं वन बीएचके चारशेच्या घरात असतं. खोल्यांची नावं सारखी म्हणून तक्ता जसाच्या तसा उचलला, आणि सातशे फुटांतल्या सामानाचं माप चारशे फुटांतल्या संसाराला लावलं. काही कंपन्या युनिट देतच नाहीत. सामानाची यादी करून, खोक्यांत बांधून, भिवंडीकडच्या गोदामात फळ्यांवर रचून ठेवतात आणि घनफुटांवर किंवा नगांवर पैसे लावतात. तिथे तक्त्याचा प्रश्न उरत नाही, यादीचा उरतो. खरं तर युनिट घेतानाही प्रश्न यादीचाच असतो.

ती यादी करून पाहू. माप घनफुटांत, कारण भाडं जमिनीचं भरलं तरी सामान उंचीतही मावतं. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड-पावणेदोन फूट खोल, म्हणजे ३२ घनफूट. अशी दोन धरली तर ६४. डबल बेडची गादी १६, सुटा करून बांधलेला पलंग २०. तीन माणसांचा सोफा साडेसहा बाय तीन बाय तीन, म्हणजे ५८. फ्रिज २४, वॉशिंग मशीन १२, घडीचं टेबल आणि एकात एक बसणाऱ्या खुर्च्या १५, टीव्ही खोक्यासकट ५. भांडी, कपडे, पुस्तकं, देवघर, 'असू दे, लागेल' या सदरातल्या वस्तू मिळून तीन-तीन घनफुटांची तीस खोकी, म्हणजे ९०. एकूण ३०४. पाच बाय दहाच्या युनिटमध्ये आठ फूट उंचीने ४०० घनफूट होतात. त्यातला पाव भाग फटींना आणि हवेला सोडला तरी ३०० उरतात. याचा अर्थ, अख्खं वन बीएचके, चमच्यासकट, पाच बाय दहात जेमतेम बसतं. दहा बाय दहात ८०० घनफूट असतात. तिथे हेच सामान ठेवलं, तर उरलेल्या जागेत सोसायटीची कमिटी मीटिंग भरवू शकेल.

शिवाय पुनर्विकासात अख्खं घर कोठीत जात नाही. माणसं भाड्याच्या जागेत राहायला जातात. तिथे पलंग, गादी, फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एक कपाट आणि निम्मी खोकी बरोबर न्यावीच लागतात. मागे उरतं ते एक कपाट, सोफा, टेबल-खुर्च्या आणि पंधरा खोकी, म्हणजे सुमारे १५० घनफूट. पाच बाय पाचचं युनिट वरपर्यंत रचलं तर २०० घनफूट, पाव भाग वजा जाता १५०. म्हणजे सर्वांत लहान आकार. पडताळा हवा असेल तर 'छोटा हत्ती' म्हणतात त्या टेम्पोचा घ्यावा: त्याचा हौदा साधारण सात बाय पाच, सहा फूट उंच सामान रचलं की २१० घनफूट. कोठीत जाणारं सामान एका खेपेत मावत असेल, तर पाच बाय पाचच्या वर बोलणाऱ्याला दाराशीच थांबवावं. मराठी घराची आणखी एक सोय अमेरिकी तक्त्याला ठाऊक नाही. आपलं फर्निचर पोकळ असतं. कपाट, दिवाण, पिंप, पितळी डबे या सगळ्यांच्या पोटात माल जातो. कपाट जागेवर उभं केल्यावर त्यात सतरंज्या, रजया, मोठी पातेली भरली, तर पाच-सहा खोकी बांधावीच लागत नाहीत. मात्र भरलेलं कपाट उचलायला सांगू नये. जिन्यातले शेजारी आणि कपाटाच्या बिजागऱ्या, दोघांवरही तो अन्याय होतो.

यावर पहिला आक्षेप वाटेचा. छतापर्यंत ठासलं तर मागची वस्तू काढायची कशी? आक्षेप खरा आहे, पण तो सगळ्या सामानाला लागू होत नाही. वाटेची गरज सामानाच्या आकारावर ठरत नाही. वर्षातून किती वेळा दार उघडणार, यावर ठरते. आणि आपल्या घरात त्याचं वेळापत्रक पंचांगच देतं. भाद्रपदात मखर आणि गौरीचे मुखवटे, आश्विन-कार्तिकात कंदील आणि चकलीचा सोऱ्या, थंडीत स्वेटर, जूनच्या तोंडावर छत्र्या आणि ताडपत्री. एवढ्या वस्तू दाराशी, हाताच्या उंचीवर ठेवल्या की बाकीच्यांना वाट कशाला हवी? सोफ्याची भेट घ्यायला कुणी जात नाही. जो दर आठवड्याला जाणार आहे, ज्याचा कोठीत दुकानाचा माल आहे किंवा वकिलीच्या फायली आहेत, त्याने जरूर मधली वाट सोडावी आणि मोठं युनिट घ्यावं. पण मग तो घरचं सामान ठेवत नाही, कचेरी चालवतो.

दुसरा आक्षेप जास्त गोड बोलतो: थोडे पैसे जास्त गेले तर गेले, मोठं घेऊन ठेवावं, सुटसुटीत राहतं. पण दहा बाय दहा हे पाच बाय पाचच्या दुप्पट नाही, चौपट आहे. मोठ्या युनिटला चौरस फुटाचा दर थोडा उतरतो, हे मान्य. चौपटीचा एकपट होत नाही. आणि पैसे एकदा जात नाहीत, महिन्याला जातात. समजा लहान युनिटचं भाडं महिना ३,००० रुपये आहे. पुनर्विकासाच्या करारातले ३६ महिने धरले तर १,०८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,२७,४४०. इमारत कराराप्रमाणे ३६ महिन्यांत उभी राहील असं मानणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. आता या १५० घनफुटांत सोफा एकटा ५८ अडवून बसला आहे. त्याच्या वाट्याचं भाडं करासकट ४९ हजारांच्या वर जातं. पंधरा वर्षं नातवंडांनी उड्या मारलेला, एका कोपऱ्यात खचलेला सोफा, ज्याला आज जुना बाजारवाला नेण्याचेच पैसे मागेल, त्याला तीन वर्षं पोसायला ४९ हजार. नवा याहून स्वस्तात येतो. युनिटचा आकार ठरवण्याची खरी वेळ ही आहे: प्रत्येक वस्तूला तिच्या घनफुटांप्रमाणे भाडं वाटून द्यावं आणि विचारावं, हे भाडं हिच्यासाठी मी भरीन का? आजीच्या तांब्याच्या घंगाळाला तीन-चार घनफूट लागतात. त्यासाठी हो म्हणायला कुणाला हिशेब लागत नाही. सोफा, डायनिंग टेबल आणि मुलगा परदेशी गेल्यापासून पडून असलेली व्यायामाची सायकल इथे गळतात. मोठं युनिट घेतलं की हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, हाच त्याचा तोटा. जागा आहे म्हणून सायकल जाते, सायकलीबरोबर तिचं खोकंही जातं.

तिसरा आक्षेप हवेचा आहे आणि तो मी सर्वांत आदराने ऐकतो. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बंद खोलीत ठासलेल्या लाकडाला आणि चामड्याला बुरशी धरते, पुस्तकांना कसर लागते, भिंतीला टेकलेलं खोकं ओल शोषतं. म्हणून हवेला जो पाव भाग सोडला, तो सोडायचाच: खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून थोडं अंतर, फ्रिज ठेवलाच तर कोरडा पुसून आणि दार किलकिलं ठेवून. पण हवा खेळती हवी म्हणून चौपट जागा घेणं हा उपाय नव्हे. त्याच पैशांत वरच्या मजल्यावरचं लहान युनिट मिळत असेल तर ते बरं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्या दिवसानंतर मुंबईत तळमजल्यावरची कोठी स्वस्त मिळते म्हणून आनंदणाऱ्याचं मला नवल वाटतं. आणि धान्य, पापड-लोणची, गॅसचा सिलिंडर यांना कुठल्याच आकारात जागा नाही. ते घेत नाहीत आणि घेऊही नये.

एवढं झाल्यावर एक भलताच प्रश्न डोक्यात शिरतो: हे दीडशे घनफूट आजवर होते कुठे? त्यांतले बरेचसे माळ्यावर होते. जुन्या चाळींतल्या दीडशे-पावणेदोनशे फुटांच्या खोलीत सात-आठ माणसं राहिली, ती पोटमाळ्याच्या जिवावर. पुढे ब्लॉक आले, तरी न्हाणीघरावर, स्वयंपाकघराच्या वर माळा असायचाच. चाळीस चौरस फुटांचा, अडीच फूट उंचीचा माळा म्हणजे शंभर घनफूट. नव्या आराखड्यात तो दिसेनासा होत चालला आहे, कारण रेराच्या व्याख्येतल्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, पण उंचीला तिथे स्थान नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते बिल्डर कशाला बांधेल? राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट आहे. ती असते. मग आपण काय करतो? ताबा मिळाला की हॉलला आणि बेडरूमला फॉल्स सीलिंग लावतो. तीनशे चौरस फुटांवर अर्धा फूट छत खाली आणलं की बरोबर १५० घनफूट दिव्यांच्या वायरींना बहाल होतात. उंची किमानच्या खाली गेली याचीही कुणाला फिकीर नसते. तेवढ्याच सामानासाठी माणसं भिवंडीच्या रस्त्याला भाडं भरत राहतात, आणि नव्या घराचा ताबा मिळाल्यावरही ते थांबत नाही, कारण परत आणलेलं कपाट ठेवायला जागा नसते. सॅम्पल फ्लॅटमध्ये बॅग, बादली, कपडे वाळवायचा स्टँड, इस्त्रीचं टेबल यातलं काहीच मांडलेलं नसतं, त्यामुळे हे तेव्हा लक्षात येत नाही. बिल्डरकडे पाठवायच्या मागण्यांच्या याद्या सोसायट्यांच्या सभांत तासन्‌तास घासून घासून होतात. त्यांत व्हिडिओ डोअर फोन असतो, मॉड्युलर किचन असतं, जिमखान्यातल्या ट्रेडमिलची संख्यासुद्धा असते. माळा मागितलेली यादी अजून दिसायची आहे, आणि तो मागायचा तर आराखडे मंजुरीला जाण्याआधीच मागावा लागतो.